रेकॉर्ड उडते म्हणून आर्मवर नाणं ठेवताय?

सुई एकाच ओळीत अडकली किंवा उडी मारून पुढे गेली, की टोनआर्मच्या टोकावर एक नाणं ठेवायचं. हा उपाय आमच्या घरी होता, शेजारी होता, आणि आता माळ्यावरचे टर्नटेबल पुन्हा खाली उतरू लागल्यावर तो परत कानावर येतो आहे. कृपा करून तो करू नका. आजकालचं एक रुपयाचं नाणं तीन ते पावणेचार ग्रॅम भरतं. एलपीच्या बहुतेक सुयांना दीड ते दोन ग्रॅम दाब पुरतो. म्हणजे नाणं ठेवताक्षणी दाब तिपटीच्या घरात जातो. सुई आणि खाच दोन्ही झिजतात, मूळ दुखणं तसंच राहतं.

ते दुखणं पुष्कळदा आर्म आणि कार्ट्रिज (आर्मच्या टोकाची, सुईच्या हालचालीतून विजेचा संकेत काढणारी डबी) यांच्या जोडीत असतं. आर्म म्हणजे सुई धरणारी नुसती दांडी, हा समज इथेच सोडायला हवा. सुई हलली आणि कार्ट्रिज जागच्या जागी राहिली, तरच सूर उमटतो. दोघी एकत्र हलल्या तर काहीच उमटत नाही. खाचेतली वळणं केसाच्या जाडीहूनही बारीक असतात. ती मोजायची तर आर्मने स्तब्ध राहायला हवं. पण तबकडी वाकडी असेल तर त्याच आर्मने तिच्याबरोबर वर-खाली व्हायलाही हवं!

हे एकाच वेळी कसं जमतं? एसटीची बस आठवा. चढ लागला की सगळी बस चढते. बारीक खडी लागली की चाकं थरथरतात, आपण मात्र बाकावर स्थिर असतो. स्प्रिंग आणि वजन मिळून ही निवड करतात: संथ हालचाल वरपर्यंत पोचते, जलद हालचाल खालीच राहते. सुईमागचा रबराचा इवलासा तुकडा ही इथली स्प्रिंग, आणि आर्म-कार्ट्रिज हे वजन.

पण या दोहोंच्या मध्ये एक वारंवारता अशी असते, की तिथे बस नुसती डोलते. हा अनुनाद. तो काढायला 159 ला वजन आणि लवचिकता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागायचं. वजन ग्रॅममध्ये, लवचिकता मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटनमध्ये. 18 ग्रॅम आणि 15 धरले तर उत्तर येतं सुमारे 9.7 हर्ट्झ. उत्तम! तबकडीचा वाकडेपणा आणि जमिनीवरची पावलं बहुतेक 7 हर्ट्झच्या खाली असतात, कानाची हद्द 20 पासून सुरू होते, आणि आपण त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. आता 31 ग्रॅमच्या जड आर्मला 35 लवचिकतेची नाजूक सुई लावा. उत्तर 4.8 हर्ट्झ. वाकडी तबकडी आता आर्मला नेमका झोका देत राहते, आणि सुई उडते.

हे वजन म्हणजे काट्यावरचं वजन नव्हे, सुईला जाणवणारं जडत्व. आर्म जिच्याभोवती फिरतो त्या खिळीपासूनच्या अंतराच्या वर्गाने ते वाढतं. 23 सेंटिमीटरच्या आर्मवर, खिळीमागे 5 सेंटिमीटरवर असलेलं 100 ग्रॅमचं वजन सुईला पावणेपाच ग्रॅमइतकंच जाणवतं. टोकावरचं नाणं मात्र पुरेपूर जाणवतं, आणि अनुनाद आणखी खाली ओढतं.

सुई न उडताही सूर बिघडतो. सुई जिच्या टोकाला बसवलेली असते ती बारीक नळी सुमारे 20 अंशांत तिरकी असते. आर्म डोलला की टोक खाचेत किंचित पुढे-मागे सरकतं, त्यामुळे वेग बदलतो आणि स्वर हलतो. तालाच्या गजरात हे लपून जातं. आलापातल्या लांब षड्जात लपत नाही.

आर्मचं कोपरासारखं वळण शोभेचं नाही. तबकडी कोरणारी सुई सरळ रेषेत सरकते, आपली मात्र कमानीत फिरते. सुमारे 23 अंशांचं वळण आणि सुई तबकडीच्या मध्याच्या थोडी पलीकडे जाईल अशी मांडणी केली, की दोन ठिकाणी कोनाची चूक शून्य होते आणि इतरत्र थोडीच उरते. संशोधक लॉफग्रेन यांनी 1938 मध्ये आणि बेअरवाल्ड यांनी 1941 मध्ये हे गणित मांडलं. आतल्या ओळींत ते जास्त महत्त्वाचं, कारण तिथे सुईखालचा वेग सेकंदाला 51 सेंटिमीटरवरून 21 पर्यंत उतरलेला असतो. आणि भैरवी असते ती बहुधा तिथेच.

आर्मची मागची बाजू अर्धा मिलिमीटर उचलली की आवाज 'मखमली' होतो, असं सांगणारे भेटतात. 23 सेंटिमीटरच्या आर्मचा कोन एका अंशाने बदलायला 4 मिलिमीटर लागतात. अर्ध्या मिलिमीटरने होतो अंशाचा आठवा भाग. कुठली तार सोन्याची आहे यावर पैसे घालण्याआधी आर्म आणि कार्ट्रिजचे दोन आकडे, वजन आणि लवचिकता, जुळतात का ते पाहा.

शंका असेल तर तानपुरा ऐकू येणारी एखादी रेकॉर्ड लावा आणि स्पीकरची जाळी काढा. स्पीकरचा मोठा पडदा सुरांशी संबंध नसल्यासारखा संथपणे आत-बाहेर होत असेल, तर आर्म डोलतो आहे.