तिशीची धास्ती, पासष्टीचं गाणं

‘अलोन’ हे गाणं सुरू होतं आणि तीन मिनिटं उलटली तरी कुणी गात नाही. ड्रमचा ठेका जड पावलांनी चालत राहतो, किबोर्डचे सूर थरावर थर चढवतात, बास गिटारचा खर्ज खालून सगळं ओढत नेतो. मग कधीतरी गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज येतो, आणि तो पहिल्याच ओळीत शेवटाची गोष्ट काढतो. ‘द क्युअर’ या ब्रिटिश रॉक बँडचा चौदावा अल्बम ‘सॉन्ग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ असा उघडतो.

हा अल्बम १ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. आधीचा ‘४:१३ ड्रीम’ होता ऑक्टोबर २००८ मधला. मध्ये सोळा वर्षं गेली म्हणून याला सर्रास ‘पुनरागमन’ म्हटलं गेलं. मला तो शब्द पटत नाही. बँड गेला कुठे होता? अडीच-अडीच तासांच्या मैफिली जगभर चालूच होत्या. अडलं होतं ते नवं गाणं, आणि ते का अडलं हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्समधल्या क्रॉली या गावात शाळासोबत्यांनी हा बँड उभा केला. १९७८ पासून नाव ‘द क्युअर’, पहिला अल्बम १९७९चा. पंकची, म्हणजे मोजक्या सुरांच्या संतप्त रॉक संगीताची, लाट तेव्हा ओसरत होती. स्मिथने पंककडून काटकसर घेतली, संताप मात्र घेतला नाही. ‘सेव्हन्टीन सेकंड्स’ (१९८०), ‘फेथ’ (१९८१) आणि ‘पोर्नोग्राफी’ (१९८२) हे तीन अल्बम पायरी-पायरीने अंधारात उतरत गेले. तिसऱ्यानंतरच्या दौऱ्यात स्मिथ आणि बासवादक सायमन गॅलप यांच्यात हाणामारी झाली आणि गॅलप बँड सोडून गेला. पुढे तो परतला. आजही बास त्याच्याच हातात आहे.

त्यानंतर स्मिथने चक्क नाचरी पॉप गाणी केली. विस्कटलेले केस आणि फासलेली लिपस्टिक ही त्याची जगाला ठाऊक असलेली छबी याच काळात पक्की झाली. माझ्या दृष्टीने मात्र या कहाणीचा कणा आहे ‘डिसइंटिग्रेशन’. २१ एप्रिल १९८९ला स्मिथ तीस वर्षांचा झाला आणि अकरा दिवसांनी हा अल्बम आला. तिशी जवळ येतेय, हातून अजून थोर म्हणावं असं काही घडलेलं नाही, या धास्तीतून तो लिहिला गेला. अमेरिकन रेकॉर्ड कंपनीला वाटलं, असलं उदास काही विकलं जाणार नाही. प्रत्यक्षात त्यातलं ‘लव्हसाँग’ अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं.

‘डिसइंटिग्रेशन’चं पहिलं गाणं ‘प्लेनसाँग’ ऐका आणि लगेच ‘अलोन’ लावा. दोन्हीकडे आवाजाआधी भलीमोठी वाट. आलाप म्हणायचा मोह होतो, पण आलापात राग हळूहळू उलगडतो. इथे एकच स्वरवाक्य पुन्हा पुन्हा येतं आणि त्या फिरण्यातच आपण बुडत जातो. घडण तीच, फरक वयाचा. १९८९मध्ये म्हातारपण ही कल्पना होती, सुंदर आणि थोडीशी नाटकीसुद्धा. २०२४मध्ये स्मिथ पासष्ट वर्षांचा आहे.

मधल्या टप्प्यावर फार रेंगाळत नाही. १९९२चा ‘विश’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. २०००चा ‘ब्लडफ्लॉवर्स’ ऐकताना हा निरोप असावा असं वाटलं होतं, पण निरोप देणं हा स्मिथचा जुनाच छंद आहे. ‘४:१३ ड्रीम’ मुळात जोड अल्बम व्हायचा होता. त्याचा निम्माच भाग बाहेर आला, आणि खरं सांगायचं तर तो बँडच्या कमकुवत अल्बमांपैकी एक. २०१४मध्ये उरलेली गाणी ‘४:१४ स्क्रीम’ नावाने येणार अशी घोषणा झाली. तो अल्बम आलाच नाही.

२०१८मध्ये बँडच्या चाळिशीनिमित्त लंडनच्या हाइड पार्कमध्ये मोठी मैफल झाली. पुढच्या वर्षी वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत नव्या गाण्यांचं रेकॉर्डिंग झालं, आणि अल्बम लवकरच येतोय असं स्मिथ मुलाखतींत सांगू लागला. चाहत्यांनी किती वेळा विश्वास ठेवला, विचारू नका. दरम्यान त्याने आई, वडील आणि थोरला भाऊ रिचर्ड यांना गमावलं होतं. ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ हे गाणं त्या भावासाठी आहे. त्यात पियानोची एक साधी सुरावट आहे, जवळजवळ बाळबोध. इतक्या मोठ्या दुःखाला एवढे थोडे सूर कसे पुरतात, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

ऑक्टोबर २०२२मध्ये लॅटव्हियातल्या रिगा शहरात दौऱ्याची सुरुवातच ‘अलोन’ने झाली. तिथून पुढे दोन वर्षं ही गाणी रंगमंचावर पिकत गेली. रीव्ह्ज गॅब्रेल्स २०१२पासून बँडमध्ये असूनही त्याची गिटार ‘द क्युअर’च्या स्टुडिओ अल्बमवर पहिल्यांदा ऐकू येते ती इथेच. जेसन कूपरचे ड्रम इतके जवळून येतात की भिंत हलल्यासारखं वाटतं. आठ गाणी, पन्नास मिनिटांच्या आत. स्मिथच्या हिशेबाने ही कंजुषीच, आणि तीच अल्बमला तारते. ‘ड्रोन:नोड्रोन’ मला जरा उपरं वाटतं, पण ते नसतं तर उरलेल्या सातांत श्वास घ्यायला जागा राहिली नसती.

घोषणाही गंमतीची होती. क्रॉलीत जिथे बँडने उमेदवारीच्या दिवसांत वाजवलं, त्या पबबाहेर रोमन आकड्यांत तारीख लिहिलेलं पोस्टर लागलं. अल्बम आला त्या रात्री लंडनच्या ट्रॉक्सी या सभागृहात त्यांनी तो सलग वाजवला. ‘विश’नंतर बत्तीस वर्षांनी बँड ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला.

शेवटचं ‘एंडसाँग’ दहा मिनिटांहून मोठं आहे, आणि इथेही आवाजाची वाट बघावी लागते, ‘अलोन’पेक्षाही जास्त. त्याचं बीज जुलै २०१९मधलं. माणूस चंद्रावर उतरल्याला पन्नास वर्षं होत होती. बाहेर उभा राहून चंद्र बघताना स्मिथला १९६९ची ती रात्र आठवली. तेव्हा तो दहा वर्षांचा होता, आणि शेजारी वडील उभे होते.