काळा किती काळा? गेमिंग मॉनिटरचं पॅनेल निवडताना

रात्री खोलीतले सगळे दिवे मालवा, पडदे ओढा, मॉनिटरवर एक पूर्ण काळं चित्र लावा आणि दोन मिनिटं नुसते बसून राहा. डोळे अंधाराला सरावले की लक्षात येतं, स्क्रीन काळी नाहीच. तिच्यातून राखाडी, किंचित निळसर उजेड पाझरतोय, एखाद्या कोपऱ्यात जरा जास्तच, आणि त्या उजेडात कीबोर्डची बटणंही दिसतायत. समोर ओलेड स्क्रीन असेल, तर मात्र ती नेमकी कुठे आहे हे चाचपडून शोधावं लागेल.

नवा गेमिंग मॉनिटर घेताना टीएन, आयपीएस, व्हीए, ओलेड ही अक्षरं समोर येतात आणि त्यांच्यासोबत एक पाठांतरही येतं: टीएन वेगाला, आयपीएस रंगांना, व्हीए काळ्या रंगाला, आणि ओलेड सगळ्यालाच चांगलं पण जपून वापरायचं. यात चूक काही नाही. पण हे असं का, ते ठाऊक नसेल तर खोक्यावरचे आकडे आपल्याला वाटेल तिकडे वळवतात. मला तर वाटतं, या चारही पॅनेलांचे बहुतेक गुण आणि बहुतेक खोडी एकाच प्रश्नातून उलगडतात. हे पॅनेल काळोख कसा तयार करतं?

ओलेड सोडलं तर बाकीची तिन्ही पॅनेलं एलसीडी, म्हणजे द्रवस्फटिक (लिक्विड क्रिस्टल) पडद्यांच्या घराण्यातली. या घराण्याची सुरुवात एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या गोंधळातून झाली. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिश रायनिट्झर कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाचा अभ्यास करत होते. ते संयुग १४५.५ अंश सेल्सिअसला वितळलं खरं, पण द्रव झाला दुधासारखा गढूळ. आणखी तापवल्यावर १७८.५ अंशांना तो गढूळपणा एकाएकी गेला. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू कसे? त्यांनी नमुने ओटो लेमान या भौतिकशास्त्रज्ञाकडे पाठवले, आणि मधल्या तापमानातली ती अवस्था पुढे द्रवस्फटिक म्हणून ओळखली जाऊ लागली. नदीत सोडलेले लाकडाचे ओंडके डोळ्यांसमोर आणा. ते वाहत असतात, एकमेकांना ओलांडून पुढेमागे होतात, पण तोंडं सगळ्यांची साधारण एकाच दिशेला. द्रवस्फटिकातले लांबट रेणू तसे असतात. शिवाय विजेचा दाब दिला की ते दिशा बदलतात.

एलसीडी मॉनिटरच्या पोटात मागच्या बाजूला एक दिवा असतो. साध्या मॉनिटरमध्ये तो सतत जळत असतो, चित्र काळं असलं तरी. त्याच्यापुढे एकमेकांशी काटकोनात बसवलेल्या दोन पोलरायझर फिती. पहिली फीत फक्त एका दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडते आणि दुसरी नेमका तोच अडवते. या दोघींच्या मध्ये जेमतेम तीन-चार मायक्रोमीटर जाडीचा द्रवस्फटिकाचा थर. त्यातल्या रेणूंनी प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळवली तर तो दुसऱ्या फितीतून बाहेर पडतो, नाही वळवली तर आतच राहतो. म्हणजे एलसीडी काळोख कधी निर्माण करतच नाही. ती फक्त दार लावून घेते. आणि दार म्हटलं की फट आलीच.

टीएनचं दार सर्वांत जुनं. १९७० साली स्वित्झर्लंडमधल्या हॉफमन-ला रॉश या कंपनीत (हो, औषधं बनवणारी कंपनी!) मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी त्याचं पेटंट दाखल केलं. रेणूंची रचना गोल जिन्यासारखी, एका काचेपासून दुसरीपर्यंत ९० अंशांची गिरकी. वीज नसताना प्रकाश या जिन्यावरून वळत वळत बाहेर येतो, म्हणून पिक्सेल उजळ. वीज दिली की रेणू उभे राहतात, जिना मोडतो आणि दार बंद. पण काचेला चिकटलेले रेणू नीट उभे राहत नाहीत, त्यामुळे थोडा प्रकाश निसटतोच. मधल्या रेणूंचा कल एकाच बाजूला असल्याने खालून पाहिलं की रंग उलटेपालटे दिसतात. वेग मात्र उत्तम. एकेकाळी स्पर्धेत खेळणाऱ्यांना टीएनशिवाय पर्याय नव्हता. आज वेगवान आयपीएस आणि ओलेड उपलब्ध असताना नवं टीएन घेण्यासारखं कारण मला क्वचितच दिसतं.

आयपीएसमध्ये रेणू काचेला समांतर आडवे असतात आणि आडव्यातच फिरतात, उभे राहत नाहीत. म्हणून बाजूने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. हिताचीने १९९० च्या दशकाच्या मध्यावर हे तंत्र बाजारात आणलं. इथे वीज नसते तेव्हा दार बंद असतं. पण आडवे रेणू उष्णतेमुळे सतत किंचित डुलत असतात आणि त्या डुलण्याने प्रकाश थोडा विखुरतो. साध्या आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ च्या आसपास घुटमळतो, म्हणजे पांढरा रंग काळ्यापेक्षा हजारपट उजळ. त्यातच तिरकस नजरेला ते दोन पोलरायझर अगदी काटकोनात राहत नाहीत. काळ्या चित्रात कोपऱ्यांतून जी चमक येते तिचं मूळ बरंचसं इथे आहे. तो मॉनिटर बिघडलेला नसतो, त्या जातीचा स्वभावच तो.

व्हीएमध्ये वीज नसताना रेणू काचेवर ताठ उभे. समोरून येणाऱ्या प्रकाशाला त्यांची फक्त टोकं दिसतात, त्यामुळे वळवण्यासारखं काही घडतच नाही. तिघांतलं हे सर्वांत घट्ट दार. कॉन्ट्रास्ट ३०००:१ सहज, काही पॅनेलांत त्याहून जास्त. गुहा, रात्रीचं जंगल, अवकाश अशा दृश्यांत व्हीएचा काळा आयपीएससमोर खरोखर काळा वाटतो.

मग सगळेच व्हीए का घेत नाहीत? कारण इतकं घट्ट लागलेलं दार किंचित उघडणं फार जिकिरीचं असतं. वाड्याचा जड लाकडी दरवाजा धडाड्कन पूर्ण उघडायचा असेल तर जोरात ढकलायचं, क्षणात उघडतो. तोच दोन बोटं उघडायचा असेल तर जोर लावता येत नाही. हलकेच रेटावं लागतं आणि तो कुरकुरत, रेंगाळत सरकतो. व्हीएमध्ये काळ्यावरून पांढऱ्यावर जायला भरपूर दाब मिळतो, पण काळ्यावरून गडद राखाडीवर जायला अगदी जरासा. ताठ उभे रेणू तेवढ्याशा रेट्याने हळूहळू कलतात. जुन्या व्हीए पॅनेलांत अशा बदलाला २० मिलिसेकंदांहून जास्त लागायचे. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेमा (चित्रं) दाखवणाऱ्या मॉनिटरवर एक फ्रेम टिकते ६.९ मिलिसेकंद. म्हणजे तीन फ्रेमा येऊन जातात तरी पिक्सेल अजून पहिल्याच हुकुमाची अंमलबजावणी करतोय. अंधाऱ्या दृश्यात कॅमेरा फिरवला की वस्तूंमागे शाई फासल्यासारखा काळा माग उमटतो तो यामुळेच. मी असा एक मॉनिटर बरीच वर्षं वापरला. पहिले काही दिवस तो माग दिसला नाही, एकदा दिसल्यावर मात्र दुसरं काही दिसेना.

यावर उपाय म्हणजे ओव्हरड्राइव्ह. दरवाजा आधी जोरात ढकलायचा आणि हव्या त्या जागी आला की धरायचा. वेळ साधली तर उत्तम. चुकली तर तो पुढे जाऊन आपटतो, आणि हलत्या वस्तूमागे फिकट, उलट्या रंगाची सावली दिसते. खोक्यावरचा ‘१ मिलिसेकंद’ पुष्कळदा ओव्हरड्राइव्हच्या सर्वांत आक्रमक सेटिंगवर, सर्वांत सोयीच्या रंगबदलात मोजलेला असतो, तोही बदलाचा सुरुवातीचा आणि शेवटचा दहा-दहा टक्के भाग वगळून. वीज काढल्यावर रेणू मूळ जागी परततात ते स्वतःच्या लवचीकपणाने. तिथे ओढायला कुणी नसतं. परतीचा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून पॅनेल बनवणारे तो थर पातळ करायला धडपडतात.

इथे आपल्या डोळ्यांचाही एक भाग आहे. समजा, पिक्सेल क्षणात बदलतो. तरीही धूसरपणा पूर्ण जात नाही. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकणाऱ्या वस्तूचा डोळे अखंड पाठलाग करतात, पण ६० हर्ट्झची स्क्रीन तिला सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत एकाच जागी धरून ठेवते. तेवढ्यात नजर १६ पिक्सेल पुढे गेलेली असते, आणि ते चित्र डोळ्याच्या पडद्यावर तितकं फासलं जातं. २४० हर्ट्झला हेच अंतर ४ पिक्सेलांवर येतं. जुने काचेच्या नळीचे मॉनिटर क्षणभर चमकून विझायचे, म्हणून त्यांच्यावरची स्वच्छ हालचाल अजूनही काही जणांच्या आठवणीत आहे. म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमांच्या गेममध्ये ओलेडही धूसर दिसतं. त्याचा वेग वापरायचा तर तितक्या फ्रेमा ओतणारं ग्राफिक्स कार्डही हवं.

ओलेडमध्ये दारच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः दिवा आहे, आणि काळा म्हणजे विझलेला दिवा. चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये कोडॅक कंपनीत काम करताना असा सेंद्रिय थरांचा दिवा प्रसिद्ध केला. रेणूंना वळायचं नसल्याने पिक्सेल मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात बदलतो. व्हीएचा काळा आणि टीएनचा वेग, दोन्ही एकत्र, तेही आयपीएससारख्या पाहण्याच्या कोनांसकट.

पण दिवा म्हटला की तो झिजणार. सेंद्रिय पदार्थ जितका जळतो तितका मंदावतो, त्यातही निळा आधी. गेममधला नकाशा, कोपऱ्यातली जीवनपट्टी, कामाच्या वेळी तळाशी बसलेला टास्कबार, हे महिनोन्महिने एकाच जागी राहिले तर तिथले पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा वेगळे झिजतात आणि त्यांची पुसट आकृती कायमची उमटते. मॉनिटर यावर युक्त्या लढवतो. चित्र हळूच एखाद-दोन पिक्सेल सरकवतो, स्थिर भाग मंद करतो. पूर्ण पांढरं पान उघडलं की वीज आणि उष्णता आवरण्यासाठी एकूण उजेडही घटवतो. काही ओलेड पॅनेलांत लाल-हिरव्या-निळ्या उपपिक्सेलांची मांडणी नेहमीची नसते, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडांना रंगाची झालर दिसते. दिवसभर मजकूर वाचणाऱ्याला ती खुपते, फक्त खेळणाऱ्याच्या गावीही नसते.

मधला मार्ग मिनी-एलईडीचा. पॅनेल एलसीडीचंच, पण मागचा दिवा शेकडो-हजारो विभागांत तोडलेला, आणि चित्र काळं असेल तिथले विभाग मंद. समजा १,१५२ विभाग आहेत आणि स्क्रीन ३८४० × २१६० ची, म्हणजे एका विभागाच्या वाट्याला ७,२०० पिक्सेल. काळ्या आकाशात एकच तारा आला तरी त्याच्याभोवतीचा अख्खा विभाग उजळतो आणि ताऱ्याला प्रभावळ येते. झगझगीत दृश्यांत मात्र हे पॅनेल भल्याभल्या ओलेडला मागे टाकतं. झगझगीत आणि गडद दोन्ही टोकं दाखवण्याची हमी वाटावी अशा ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ या बिल्ल्याला भुलू नका. त्यासाठी विभागवार मंद होणारा दिवा असण्याची अट नाही.

आता ज्याकडे खरेदीच्या वेळी जवळजवळ कुणीच पाहत नाही ती गोष्ट: खोलीतला उजेड. भरपूर उजेडाच्या खोलीत स्क्रीनवर ३०० लक्स (पडणाऱ्या उजेडाचं एकक) प्रकाश पडतो असं धरा, आणि त्यातला १ टक्का ती सर्व दिशांना परत फेकते. त्या परतीच्या उजेडाने काळ्या पिक्सेलवरही सुमारे १ निट (स्क्रीनच्या उजळपणाचं एकक) चढतो. पांढरा ३०० निटचा असेल तर आयपीएसचा स्वतःचा काळा ०.३ निट, व्हीएचा ०.१ आणि ओलेडचा शून्य. प्रत्येकात तो १ निट मिळवून भागाकार करा. कागदावरचे १०००, ३००० आणि अनंत हे कॉन्ट्रास्ट साधारण २३०, २७० आणि ३०० वर येऊन बसतात! कोट्यवधी पिक्सेलांची ती सगळी कारागिरी छतावरच्या एका ट्यूबलाइटने पुसून टाकली. क्वांटम डॉट (रंग देणारे अतिसूक्ष्म कण) वापरणाऱ्या अनेक ओलेड मॉनिटरांत तर बाहेरचा उजेड शोषणारा पोलरायझर नसतो, त्यामुळे लख्ख उजेडात त्यांचा काळा जांभळट राखाडी दिसतो.

म्हणून मला कुणी सल्ला विचारला की मी आधी खोलीबद्दल विचारतो. दिवसा, खिडकीशेजारी, अर्धा वेळ काम आणि अर्धा वेळ खेळ असेल तर चांगलं वेगवान आयपीएस घ्या. ज्या काळ्यासाठी जास्त पैसे मोजाल तो तुम्हाला दिसणारच नाही. रात्री दिवे मालवून गोष्टीत बुडायचं असेल तर ओलेड, आणि ते झेपत नसेल तर व्हीए, फक्त अंधाऱ्या दृश्यात कॅमेरा फिरवून तो काळा माग आपल्याला खुपतो का हे आधी प्रत्यक्ष पाहून. तासन्‌तास एकच नकाशा आणि त्याच पट्ट्या समोर ठेवणारे डावपेचांचे गेम खेळत असाल, तर ओलेडचा मोह मी तरी टाळेन.

आणि आयपीएस आधीच घरात असेल, रात्रीची ती राखाडी चमक डोळ्यांत येत असेल, तर एक स्वस्त उपाय करून बघा. मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक मंद पांढरा दिवा लावा. त्याचा उजेड स्क्रीनवर पडत नाही, भिंत मात्र उजळते, आणि त्या उजळ भिंतीसमोर डोळ्यांना तोच काळा बराच गडद वाटू लागतो.