काळी माती, तेल आणि जुन्या गाडीचं लॉक

दाराचं लॉक अडकलं की परभणीपासून लातूरपर्यंत सल्ला एकच: "सोडा दोन थेंब तेल." जुन्या पद्मिनीत किंवा अँबॅसडरमध्ये हे तेल काही दिवस काम देतं, आणि मग लॉक आधीपेक्षा जास्त जाम होतं.

आत काय घडतं ते बघा. किल्ली शिरते तो गोल गाभा एका कवचात बसलेला असतो. गाभ्यात ओळीने पातळ पितळी पट्ट्या, आणि प्रत्येकीला एका बाजूला ढकलणारी इवलीशी स्प्रिंग. किल्ली नसताना पट्ट्यांची टोकं कवचाच्या खोबणीत घुसलेली असतात, त्यामुळे गाभा फिरत नाही. प्रत्येक पट्टीला मधोमध चौकोनी भोक असतं आणि किल्ली त्यातूनच जाते, पण भोकाची उंची दरवेळी वेगळी. किल्लीचे दाते प्रत्येक पट्टी नेमकी तेवढीच सरकवतात, की तिची दोन्ही टोकं गाभ्याच्या कडेशी सपाट येतात. एक जरी पट्टी किंचित बाहेर राहिली तरी गाभा हलत नाही. पाच पट्ट्या आणि प्रत्येकीच्या चार उंच्या धरल्या तर 1024 वेगवेगळ्या किल्ल्या होतात. केवढ्याशा पितळात केवढं गणित! टेनिसचा चेंडू दाबून लॉक उघडतं म्हणणारे व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ म्हणूनच खोटे आहेत. हवेच्या दाबाला पट्ट्यांची उंची कळत नाही.

आता आपली काळी माती. ती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे थराथरांचं खनिज पाणी धरून फुगतं. पावसाळ्यात रान चिकटतं आणि उन्हाळ्यात भेगाळतं ते त्यामुळेच. हीच बारीक धूळ लॉकमध्ये शिरते. तेलात तिचा लगदा होतो, तो स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसतो, आणि दुबळ्या स्प्रिंगला पट्टी परत ढकलता येत नाही.

म्हणून लॉकला तेलाऐवजी ग्रॅफाइटची सुकी पूड, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतो तो कार्बन. ग्रॅफाइटही थरांचंच. थरातले कार्बनचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण दोन थरांमध्ये 0.335 नॅनोमीटर अंतर आणि ओढ अगदी क्षीण. शिवाय हवेतली वाफ थरांच्या कडांना चिकटते, म्हणून ते सहज घसरतात. दुसऱ्या महायुद्धात उंचावरच्या कोरड्या हवेत विमानांतल्या मोटरींचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे ग्रॅफाइटचे ठोकळे) झपाट्याने झिजले, ते ही वाफ मिळेना म्हणून. आपल्याकडच्या मे महिन्यातही हवा इतकी कोरडी होत नाही. ग्रॅफाइट सुकं असल्यामुळे धुळीचा लगदा होत नाही.

दुरुस्तीत काच खाली-वर करायचं हँडल आणि दाराचं आतलं पॅनल काढावं लागतं. बहुतेक जुन्या गाड्यांत लॉक एका पत्र्याच्या क्लिपवर अडकलेलं असतं. ती सरकवली की लॉक हातात येतं. रॉकेलमध्ये ब्रशने धुऊन पूर्ण सुकवा, मग ग्रॅफाइटची पूड. पेन्सिल घासू नका, तिच्यात चिकणमाती मिसळलेली असते. दार धरून ठेवणाऱ्या खटक्याला मात्र ग्रीसच लावा.

त्यानंतरही अडलं तर गाभा बाहेर काढा, किल्ली घाला आणि उजेडात कडेने बघा. बाहेर डोकावणारी पट्टी लगेच दिसते. पट्टी स्प्रिंगवर मोकळी हलत असेल तर दोष बहुधा झिजलेल्या किल्लीचा. तिचीच डुप्लिकेट करून घेतली तर झीजही नव्या किल्लीत उतरते. किल्लीवाल्याला घरात पडून राहिलेली, कमी वापरलेली किल्ली द्या. ती नसेल तर गाभाच द्या आणि पट्ट्यांच्या उंचीवरून दाते कापायला सांगा.