पंक आणि प्रोग: भांडण चव्हाट्यावर, बिऱ्हाड एकाच वाड्यात

उत्तर लंडनच्या हायबरी भागात चर्चच्या एका जुन्या हॉलमध्ये ‘वेसेक्स’ नावाचा स्टुडिओ होता. किंग क्रिमझनचा पहिला अल्बम १९६९ साली तिथे मुद्रित झाला. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा ‘प्रोग’, कुठून सुरू झाला असं विचारलं की बहुतेक जाणकार याच अल्बमकडे बोट दाखवतात. त्याचा हाडवैरी मानला जातो तो पंक, म्हणजे आखूड, वेगवान, रांगडा रॉक; पंकने प्रोगला मारलं असंही सांगतात. पण पंकचे म्होरके सेक्स पिस्टल्स १९७६-७७ मध्ये त्याच इमारतीत मुद्रणाला आले आणि १९७९ मध्ये पंकमधल्याच क्लॅशचा ‘लंडन कॉलिंग’ही तिथेच झाला. पिस्टल्सच्या अल्बमचा निर्माता होता ख्रिस थॉमस. चार वर्षांपूर्वी पिंक फ्लॉइड या प्रोग बँडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’च्या अंतिम मिक्सिंगवर देखरेख करायला बोलावलेला माणूसही हाच.

पिस्टल्सच्या त्या अल्बममधली गिटारची भिंत एका दमात वाजवलेली वाटते, पण तशी ती नाही. स्टीव्ह जोन्सने एकावर एक थर चढवत गिटार वाजवली आणि बहुतेक गाण्यांतला बेसही त्यानेच वाजवला, कारण बँडचा बेसवादक सिड व्हिशस याला तो धड येत नव्हता. थरांवर थर रचण्याचं हे काम प्रोगवाले वर्षानुवर्षं करत आले होते. फरक एवढाच की इथे ते ऐकू येऊ नये याची काळजी घेतली होती.

१९६९ ते १९७४ या काळात प्रोग वाढला तो एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, मापात. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं नीट बसतात. जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ तेवीस मिनिटांच्या आसपास जातं, म्हणजे ते मर्यादेला खेटून आहे. यापुढे गेलं की चऱ्या जवळजवळ आणाव्या लागतात, मग आवाजाची पातळी आणि खर्ज दोन्ही कमी करावे लागतात. शिवाय तबकडीच्या मध्याकडे सुईखालून चरी सरकण्याचा वेग घटतो आणि वरचे सूर मंद होतात. दीर्घ रचनेचा कळस नेमका तिथेच यायचा, ही त्या माध्यमाची थट्टाच म्हणायची.

मंचावरची गोष्ट आणखी अवघड. प्रोगवाल्यांचं लाडकं मेलोट्रॉन हे टेपवर चालणारं पट्ट्यांचं वाद्य. त्याच्या एम-४०० या मॉडेलला ३५ पट्ट्या. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, जेमतेम आठ सेकंदांचा. त्याआधी बोट उचललं नाही तर सूर तुटतो. एकदम पुष्कळ पट्ट्या दाबल्या की मोटरवर ताण येऊन सूर खाली उतरतो. दमट हवेत टेप अडकते. असं वाद्य गावोगाव न्यायचं तर सोबत दुरुस्ती जाणणारा माणूस हवा, ट्रक हवा, मोठं सभागृह हवं. इमर्सन, लेक अँड पामर १९७७ च्या अमेरिका दौऱ्यात पूर्ण ऑर्केस्ट्रा घेऊन निघाले आणि खर्च झेपेना म्हणून काही कार्यक्रमांतच तो त्यांना सोडावा लागला.

त्यात ब्रिटनमध्ये कमाईवरच्या प्राप्तिकराचा वरचा दर १९७४ नंतर ८३ टक्क्यांवर गेला होता. ‘येस’ या प्रोग बँडने १९७६ च्या शेवटी पुढचा अल्बम स्वित्झर्लंडच्या माँत्रोमध्ये जाऊन केला, त्यामागे हेही एक कारण होतं. आमच्या मते पंकसाठी जागा मोकळी झाली ती मुख्यतः इथे. लंडनच्या दीडशे-दोनशे माणसांच्या क्लबात हे बँड आता दिसतच नव्हते. पंकने प्रोगला मारलं हे मात्र आकड्यांत बसत नाही. माँत्रोत केलेला तो ‘गोइंग फॉर द वन’ ऑगस्ट १९७७ मध्ये, म्हणजे पंकच्या ऐन भरात, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता.

शत्रुत्वाची खूण म्हणून एकच टी-शर्ट कायम दाखवला जातो. १९७५ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर पिस्टल्सचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरेन याच्या दुकानात जॉन लायडनची पिस्टल्सचा गायक म्हणून चाचणी झाली. दुकानातल्या ज्यूकबॉक्सवर अॅलिस कूपरचं गाणं लावून त्याने नुसते ओठ हलवले. पिंक फ्लॉइडच्या शर्टावर ‘मला तिटकारा आहे’ अशा अर्थाचे शब्द त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले होते. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १६ जुलै १९७७ ची गोष्ट त्या मानाने फार कमी सांगितली जाते. त्या दिवशी कॅपिटल रेडिओवर टॉमी व्हान्सच्या कार्यक्रमात लायडनने आपल्या आवडीच्या तबकड्या लावल्या. त्यांत जमैकाचा रेगे होता, जर्मनीचा कॅन हा बँड होता, कॅप्टन बीफहार्ट होता आणि पीटर हॅमिलची दोन गाणी होती. हा हॅमिल म्हणजे ‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’ या अस्सल प्रोग बँडचा गायक. १९७५ च्या सुरुवातीला ‘नादिर्स बिग चान्स’ या अल्बमसाठी त्याने रिकी नादिर नावाचा एक उद्दाम पोरगा कल्पिला आणि त्याच्या तोंडी आखूड, खरखरीत गाणी घातली. पंक हा शब्द लंडनमध्ये रुळण्याआधीची ही गोष्ट. मॅक्लॅरेनला हा कार्यक्रम अजिबात रुचला नाही. त्याने घडवलेल्या प्रतिमेतला पोरगा अडाणी असायला हवा होता आणि इथे तो चांगला कानसेन निघाला.

तीन कॉर्ड (एकत्र वाजवायच्या सुरांचे गट) शिका आणि बँड काढा, हे पंकचं ब्रीदचित्रही असंच फसवं. ए, ई आणि जी या कॉर्ड्सचं ते रेखाटन जानेवारी १९७७ मध्ये ‘साइडबर्न्स’ या हौशी पत्रिकेत छापून आलं. पत्रिका होती ‘स्ट्रँग्लर्स’ या पंकमध्ये गणल्या जाणाऱ्या बँडच्या चाहत्यांची. या बँडमधला डेव्ह ग्रीनफिल्ड हॅमंड ऑर्गन आणि मिनीमूग वाजवत असे, आणि तो आला होता प्रोग बँडमधून. त्याचं ‘गोल्डन ब्राउन’ १९८२ मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. सुरुवातीच्या सुरावटीच्या मात्रा मोजून पाहाव्यात: तीन, तीन, तीन आणि मग चार. तेरा मात्रांचं आवर्तन. नाचणाऱ्याचा पाय तिथे हमखास चुकतो, तरी गाणं लोकांच्या ओठांवर बसलं.

उघड हातमिळवणी एकदा झाली आणि ती फसली. ‘डॅम्ड’ या पंक बँडने पहिला अल्बम इझलिंग्टनमधल्या पाथवे या आठ ट्रॅकच्या छोट्या स्टुडिओत झटपट उरकला होता. दुसऱ्या अल्बमसाठी त्यांना फ्लॉइडचा मूळ गायक सिड बॅरेट निर्माता म्हणून हवा होता. तो मिळाला नाही, मिळाला फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन, आणि मुद्रण झालं फ्लॉइडच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत. ‘म्युझिक फॉर प्लेझर’ नोव्हेंबर १९७७ मध्ये आला, समीक्षकांनी झोडपला, ‘स्टिफ’ कंपनीने बँडला नारळ दिला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बँड फुटला. खापर मेसनवर फोडणं सोपं आहे. पण मुख्य गीतकार ब्रायन जेम्सची हाताशी असलेली चांगली गाणी पहिल्याच अल्बमात संपली होती. नीटनेटक्या मुद्रणात ही उणीव झाकली जात नाही, उलट ठळक होते.

कंपन्यांच्या पातळीवर तर भिंत नव्हतीच. फ्लॉइडच्या तबकड्या ज्या ‘हार्वेस्ट’ शिक्क्याखाली निघत, त्याच शिक्क्याखाली १९७७ मध्ये रॉक्सी या पंक क्लबातलं थेट मुद्रण आलं आणि ‘वायर’चा पहिला अल्बमही, सुमारे पस्तीस मिनिटांत एकवीस गाणी. दोनच वर्षांत हा बँड सात मिनिटांच्या रचनांपर्यंत पोचला. माइक ओल्डफील्डच्या ‘ट्यूब्युलर बेल्स’वर उभी राहिलेली ‘व्हर्जिन’ १९७७ मध्ये पिस्टल्सची कंपनी झाली.

किंग क्रिमझनचा गिटारवाला रॉबर्ट फ्रिप याने १९७४ मध्ये तो बँड मोडला आणि १९७७ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. तिथे ब्लाँडी या तिथल्या नव्या बँडसोबत वाजवलं, पुढे तशाच टॉकिंग हेड्सच्या एका गाण्यातही. अवजड दौऱ्यांचा त्याला वीट आला होता; एक गिटार आणि दोन टेपरेकॉर्डर एवढ्यावर कार्यक्रम करायचा ही त्याची तोड, आणि ती पंकच्या काटकसरीपेक्षा वेगळी नाही. जोडणी अशी: दोन रेव्हॉक्स ए-७७ शेजारी ठेवायचे. भरलेलं रीळ डाव्या यंत्रावर, रिकामं उजव्या यंत्रावर, टेप दोन्ही यंत्रांतून सलग ओवलेली. डावं यंत्र मुद्रण करतं, उजवं ते वाजवतं आणि त्याचा आवाज तारेने पुन्हा डाव्यात येतो. टेपचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर असेल तर डाव्या यंत्राचं मुद्रणाचं हेड आणि उजव्याचं वादनाचं हेड यांच्या मध्ये ९५ सेंटिमीटर टेप ठेवली की पाच सेकंदांनी सूर परत येतो. लोक याला लूप म्हणतात, पण टेप फिरून परत येत नाही. परत येतो तो फक्त आवाज. परत येणाऱ्या आवाजाची पातळी जास्त ठेवली तर टेपची खरखर साचत जाऊन शिट्टी सुटते. कमी ठेवली तर दोन फेऱ्यांत सूर विरतो. यंत्रांमधली टेप सैल पडली की सूर डुलायला लागतो. कार्यक्रमभराचं सगळं उजव्या रिळावर साठतं, त्यामुळे ते मागे फिरवून त्यावरच पुन्हा गिटार वाजवता येते. हे तंत्र संगीतकार ब्रायन ईनोने १९७२ मध्ये फ्रिपला दाखवलं होतं. १९७९ मध्ये फ्रिप ते घेऊन तबकड्यांच्या दुकानांत आणि खानावळींत हिंडला.

पिस्टल्स सोडल्यावर लायडनने ‘पब्लिक इमेज’ काढला. त्यातला गिटारवाला कीथ लेव्हीन क्लॅशच्या संस्थापकांपैकी, पण पोरवयात तो ‘येस’चं सामान वाहायला गेला होता आणि त्यांचा गिटारवाला स्टीव्ह हाऊ याला मानायचा. त्यांचा १९७९ चा ‘मेटल बॉक्स’ म्हणजे तासाभराचं संगीत, बारा इंची तीन तबकड्यांवर, ४५ च्या वेगात. बाजूला साधारण दहाच मिनिटं, त्यामुळे चरीला हव्या तेवढ्या रुंद लाटा काढता येतात आणि जा वॉबलचा बेस पूर्ण ताकदीने उतरतो. वीस मिनिटांची बाजू भरणाऱ्यांची अडचण इथे उलट्या बाजूने सोडवली होती. पत्र्याच्या डब्यात मात्र तबकड्या इतक्या घट्ट बसत की बाहेर काढताना ओरखडे पडत.

लंडनच्याच ब्रिक्स्टन भागात ‘धिस हीट’ हा बँड मांसाच्या कारखान्याच्या जुन्या शीतगृहात मुद्रण करत होता. त्यांचा ड्रमर चार्ल्स हेवर्ड ‘क्वाएट सन’ या प्रोग बँडमधला. १२ मार्च १९७८ ला ‘हेन्री काऊ’ या प्रोगकडे झुकलेल्या बँडने युरोपातले चार बँड लंडनला बोलावून ‘रॉक इन ऑपोझिशन’ उभं केलं. मोठ्या कंपन्यांना वगळून स्वतः वितरण करायचं, हा त्यांचा कार्यक्रम पंकचाच होता, फक्त ताल अवघड होते. सॉफ्ट मशीन या प्रोग बँडचा जुना ड्रमर रॉबर्ट वायट पुढे ‘रफ ट्रेड’ या पंकच्या दुकानातून निघालेल्या कंपनीकडे गेला आणि रेनकोट्स या पंक बँडच्या अल्बमात वाजवून आला.

‘पोलीस’ या बँडची गोष्ट वेगळी सांगायला नको इतकी उघड आहे. ड्रमर कोपलंड कर्व्ड एअर या प्रोग बँडमधला, गिटारवाला समर्स सॉफ्ट मशीनबरोबर फिरलेला, आणि दोघांना स्टिंगसोबत एकत्र वाजवायला लावलं ते ‘गाँग’ या प्रोग बँडच्या माइक हाउलेटने, मे १९७७ मध्ये. मार्च १९८० मध्ये मुंबईकरांनी प्रत्यक्ष ऐकला तो हाच बँड.

त्याच वर्षी जेनेसिसचा जुना गायक पीटर गॅब्रिएल याचा तिसरा अल्बम आला. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, सूझी अँड द बॅन्शीज या पंक बँडकडून आलेला, एका गाण्यात पंकच्याच लाटेतल्या ‘जॅम’चा पॉल वेलर गिटारवर, ड्रमवर जेनेसिसचा फिल कॉलिन्स. व्हर्जिनच्याच टाउनहाउस स्टुडिओत ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या ह्यू पॅडघमने वादकांचं बोलणं ऐकण्यासाठी टांगलेला मायक्रोफोन उघडला. त्या वाहिनीवर जबर कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारं यंत्र, होता, त्यामुळे दगडी खोलीचा घुमारा ड्रमइतकाच मोठा ऐकू आला. त्यापुढे नॉइज गेट, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारं यंत्र, लावला की घुमारा फुगतो आणि पूर्ण विरण्याआधीच कापला जातो. यात झांजा चालत नाहीत. त्यांचा लांबणारा झंकार कॉम्प्रेसर वर खेचत राहतो आणि गेट मिटतच नाही. गॅब्रिएलने झांजांना बंदीच घातली. कॉलिन्सने तो आवाज उचलला, पॅडघमला सोबत घेतलं आणि जानेवारी १९८१ मध्ये ‘इन द एअर टुनाइट’ बाजारात आणलं.