कोंडलं की नुसतं वळवलं?

लिक्विड क्रिस्टल, म्हंजे वाहणारं पण रेणू एका दिशेला लागलेलं द्रव, बारीक छिद्रात भरलं की त्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (इलेक्ट्रिक फील्डला ते किती दाद देतं तो आकडा) बदलतो. पण जागा कमी पडली म्हणून, की भिंतीनं रेणूचं तोंड फिरवलं म्हणून? दोन्हीला कन्फाइनमेंट इफेक्ट, म्हंजे कोंडल्याचा परिणाम, म्हणून मोकळे होतात लोक, एमएस्सीला मीपण तेच केलं होतं.

५सीबी हे नेहमीचं लिक्विड क्रिस्टल घ्या. २४ ते ३५ डिग्रीत नेमॅटिक (रेणू एका दिशेला लागलेले), गढूळ, त्याच्या वर गेलं की संपलं, म्हंजे आमच्या सोलापुरात मे महिन्यात एसी नसलेल्या लॅबमध्ये दुपारी बाटली बघाल तर पाण्यासारखं स्वच्छ, आयसोट्रॉपिक (रेणू कुठल्याही दिशेला) होऊन बसलेलं, त्यामुळं आधी टेंपरेचर धरा मग गप्पा. रेणूच्या एका टोकाला सायनो ग्रुप (कार्बन-नायट्रोजनची जोडी), डायपोल (प्लस-मायनस भाराची जोडी) लांबीच्या दिशेनं, म्हणून २५ डिग्रीला लांबीच्या दिशेनं फील्ड लावलं की एप्सिलॉन, म्हंजे तोच डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, १८-१९ च्या आसपास, आडवं लावलं की ६-७.

आता ॲनोपोर मेंब्रेन, ॲल्युमिनाची पातळ चकती, आरपार सरळ छिद्रं, २०० नॅनोमीटरची. इलेक्ट्रोडमध्ये ठेवली की फील्ड छिद्राच्या लांबीला. कोऱ्या मेंब्रेनमध्ये रेणूपण त्याच दिशेला पडून असतात, व्हॅल्यू मोठी येते आणि फील्डची फ्रिक्वेन्सी वाढवत नेली की काही मेगाहर्ट्झवर हळू पीक (ऊर्जा शोषली जाण्याचा उंचवटा) दिसतो, रेणू उलटासुलटा होतो तो. तीच मेंब्रेन आधी लेसिथिन (एक स्निग्ध पदार्थ) लावून घेतली की रेणू भिंतीला काटकोनात. टर्किश टॉवेलची सुरळी करा, आतले लूप कसे मध्याकडं तोंड करून उभे राहतात, तसं. आता व्हॅल्यू पडते, हळू पीक बसतो आणि शेकडो मेगाहर्ट्झचा दुसराच पीक वर येतो. झालं, रेणू फास्ट झाले म्हणून बोंब! अहो ती हालचाल छिद्राबाहेरपण होतीच की, आपण आडवं बघायला लागलो एवढंच. छिद्र दोन्ही वेळेला तेच, रेणू जेमतेम २ नॅनोमीटरचा, एका ओळीत शंभर मावतात, जागा कुठं कमी पडली?

खरं कोंडणं बघायचं तर काही नॅनोमीटर छिद्रांची काच घ्या. तिथं नेमॅटिक-आयसोट्रॉपिकची एकदम पडणारी उडी राहत नाही, हळूहळू घसरण होते, गोठणं पार खालच्या टेंपरेचरला जातं, आणि बाहेर न दिसणारा एक जादा, पसरट, सुस्त पीक येतो, भिंतीला चिकटलेल्या थराचा. इथं मात्र भिंत किती आणि जागा किती हे सोडवणं अवघड, कारण बहुतेक रेणू भिंतीलगतच.

आणि हो, मेंब्रेनच्या रीडिंगमध्ये ॲल्युमिनाचा वाटापण असतो. तो न काढता मी थेट १९ शी तुलना केली होती, आख्खा ग्राफ फेकावा लागला.