पोटात तुटतं, पण पाय उचलत नाही

मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड आणि मांडीच्या हाडाची गोष्ट तुम्हाला एकदा तरी फॉरवर्ड होऊन आलीच असेल. कुणीतरी तिला विचारतं की संस्कृतीची पहिली खूण कुठली, आणि ती म्हणते मोडून परत जुळलेलं मांडीचं हाड, कारण पाय मोडलेलं जनावर जंगलात जगत नाही, म्हणजे हाड जुळेपर्यंत त्या माणसाजवळ कुणीतरी थांबलं असणार. गोष्ट छानच आहे, मीही दोनतीन जणांना पाठवलीय. घोळ एवढाच की मीडच्या लिखाणात ती कुठे सापडत नाही, नंतर कुणीतरी तिच्या नावावर खपवलेली दिसते.

पण खरं सांगायचं तर त्यासाठी मीडबाईंची साक्ष काढायची गरजच नाहीये. इराकमधल्या शानिदार गुहेत १९५७ साली राल्फ सोलेकीच्या टीमला एका निएंडरथल (माणसाची आता नष्ट झालेली एक जात) पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला कधीतरी जबरदस्त मार बसलेला, त्या डोळ्याने बहुतेक दिसत नसावं, उजवा हात वाळलेला आणि कोपराखालचा भाग तर नाहीच, चालणंही लंगडत. आणि या सगळ्या जखमा भरून आलेल्या, म्हणजे त्या झाल्यावरही हा गडी वर्षानुवर्षं जगला, चाळिशीच्या आसपास पोचला, जे तेव्हाच्या हिशोबाने म्हातारपणच. चाळीस हजारांहून जास्त वर्षांपूर्वी एका डोळ्याने आणि एका हाताने शिकार कशी करणार? कुणीतरी त्याचं बघत होतं. ते का बघत होते, त्यांना 'दया' वाटत होती का, हे हाडं सांगत नाहीत. सांभाळला एवढं मात्र दिसतं.

हल्ली जिथे बघावं तिथे एम्पथी एम्पथी चाललंय, ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये, पालकांच्या मीटिंगमध्ये, नेत्यांच्या भाषणात, म्हणून म्हटलं हे प्रकरण आलं कुठून ते जरा मागे जाऊन बघावं. तर भावना इतकी जुनी असली तरी हा शब्द अगदी परवाचा निघाला. १८७३ साली रॉबर्ट फिशर नावाच्या जर्मन माणसाने 'आइनफ्यूलुंग' असा शब्द वापरला, आणि तोही माणसांबद्दल नाही तर कलेबद्दल. चित्र किंवा इमारत बघताना आपण मनाने त्या आकाराच्या आत शिरतो, त्याला तो हे म्हणत होता. पुढे थिओडोर लिप्सने तोच शब्द माणूस माणसाला कसा समजून घेतो याला लावला, आणि १९०९ मध्ये एडवर्ड टिचनरने त्याचं इंग्रजी करताना ग्रीकमधून 'एम्पथी' बनवला. आपल्याकडे 'सहानुभूती' होताच, त्याचा नुसता अर्थ बघितला तर सोबत अनुभवणं, म्हणजे काम भागायला हवं होतं. पण वापरून वापरून त्याला वरून खाली बघण्याचा वास लागला, "मला कुणाची सहानुभूती नकोय" असं आपण तावातावाने म्हणतो ते त्यामुळेच, मग पुस्तकवाल्यांना 'समानुभूती' असा नवा शब्द काढावा लागला. तो कुणी बोलताना वापरलेला मी तरी ऐकला नाही.

बोलताना आपण काय म्हणतो? पोटात तुटलं. पोटात कालवलं. आतडं पिळवटलं. मायेला तर आपण सरळ पोटमायाच म्हणून टाकलंय. मला बरीच वर्षं वाटायचं की ही पोटाची भानगड फक्त मराठीची आहे. पण बायबलमधली शोमरोनी माणसाची गोष्ट आहे ना, ज्यात लुटारूंनी अर्धमेला करून रस्त्यात टाकलेल्या माणसाला बघून दोन धर्मकर्म करणारे बाजूने निघून जातात आणि तिसरा, ज्याच्या जमातीशी यांचं वाकडं आहे तो, थांबतो, तिथे त्याला कळवळा आला असं म्हणायला जे ग्रीक क्रियापद आहे ते 'स्प्लांख्ना' म्हणजे आतडी या शब्दावरून केलेलं आहे. हिब्रूत करुणेला 'रहमीम' आणि 'रेहेम' म्हणजे गर्भाशय. आपण 'रहम करा' म्हणतो तो अरबी शब्दही त्याच कुळातला. म्हणजे आपल्यापासून हजारो मैल लांबच्या माणसांनाही दुसऱ्याचं दुःख बघून जे होतं ते डोक्यात नाही, पोटात होतं असंच वाटलं. शरीराची ही गोष्ट ॲडम स्मिथनेही पकडलीय, हो तोच अर्थशास्त्रवाला, १७५९ साली. तो म्हणतो दोरीवर तोल सांभाळणाऱ्या डोंबाऱ्याकडे बघताना खालची गर्दी स्वतःच अंग वळवत, कललेली बाजू सावरत उभी असते. क्रिकेट बघताना सोफ्यावर बसून बॉलच्या दिशेने वाकणारी माणसं ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे सांगायला नको.

मग एवढं पोटात होतं तर आपण रस्त्यात पडलेल्या माणसाजवळ थांबत का नाही? याचा रिसर्च सुरू व्हायला एक भयंकर घटना घडावी लागली आणि त्यातली अर्धी बातमी चुकीची होती.

१३ मार्च १९६४, न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग, पहाटे तीन सव्वातीनची वेळ. किटी जेनोवीझ ही अठ्ठावीस वर्षांची बाई कामावरून घरी येत असताना तिच्यावर हल्ला झाला आणि त्यात ती गेली. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की अडतीस जणांनी हे डोळ्यांनी बघितलं आणि हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना फोन केला नाही. जगभर बोंब झाली, शहरं माणसाला दगड करतात वगैरे. पुढे कळलं की अडतीस जणांनी सगळं बघितलं असं काही नव्हतंच, बऱ्याच जणांनी नुसता आवाज ऐकला होता, काहींना नवराबायकोचं भांडण वाटलं, आणि एक शेजारीण तर धावत खाली जाऊन शेवटी तिला धरून बसली होती. टाइम्सने स्वतः २०१६ मध्ये मान्य केलं की ती बातमी सदोष होती. त्या शेजारणीने तिला धरलं होतं याचा त्या बातमीत पत्ताच नाही. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त तेच खटकतं, जी आली ती सोडून सगळ्यांची मोजदाद झाली.

असो. पण त्या बातमीमुळे जॉन डार्ली आणि बिब लातने या दोन मानसशास्त्रज्ञांना प्रश्न पडला, आणि १९६८ मध्ये त्यांनी जो एक्सपेरिमेंट छापला तो मात्र पक्का. कॉलेजच्या मुलांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, हेडफोन लावले, इंटरकॉमवर आळीपाळीने आपापल्या अडचणी सांगायच्या. त्यातल्या एकाला बोलता बोलता फिट येते, जीभ अडखळायला लागते, मदत मागतो (तो टेप केलेला आवाज, पण मुलांना काय माहीत). ज्यांना वाटत होतं ऐकणारे आपण एकटेच, त्यातले ८५ टक्के तो झटका संपायच्या आत उठून खोलीबाहेर मदत आणायला पळाले. ज्यांना वाटलं अजून चार जण ऐकतायत त्यातले फक्त ३१ टक्के. आता लोक इथे थांबतात आणि म्हणतात बघा, गर्दीत माणुसकी मरते. पण पेपरमध्ये पुढे लिहिलंय की जी मुलं उठली नव्हती त्यांच्या खोलीत रिसर्चवाले गेले तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला की त्याला काही झालं तर नाही ना. म्हणजे बेफिकीर नव्हते हो ते. पोटात तुटत होतं, पाय उचलत नव्हता.

डार्लीने पुढे डॅनियल बॅटसनला घेऊन जे केलं ते तर कमालीचं खट्याळ आहे. प्रिन्स्टनमध्ये पाद्री व्हायला शिकणारी चाळीस मुलं घेतली आणि त्यांना सांगितलं की पलीकडच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचंय. काहींना भाषणाचा विषय दिला तीच शोमरोनी माणसाची गोष्ट. वाटेत एका गल्लीत एक माणूस दारापाशी वाकून, खोकत, कण्हत बसवलेला. काहींना सांगितलं आरामात जा वेळ आहे, काहींना म्हटलं आता निघा, आणि काहींना म्हटलं अरे उशीर झाला, ते केव्हाचे वाट बघतायत, पळा. निकाल १९७३ मध्ये छापला. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, मधल्यातले ४५, आणि घाईतले १०. विषय कुठला दिलाय याने म्हणावा असा फरक पडला नाही, उलट वाटसरूला मदत करण्यावर बोलायला निघालेली काही मुलं त्या कण्हणाऱ्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो, मग आठवलं की आपण स्वतः घाईत कुणाकुणाला ओलांडलंय, आणि हसू गेलं.

मुलांचं मात्र असं नसतं बहुतेक. २००६ मध्ये फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी दीड वर्षाच्या पोरांसमोर हातातून वस्तू पडल्याचं नाटक केलं, किंवा हात पुस्तकांनी भरलेले असताना बंद कपाटावर जाऊन आपटायचं, आणि पोरं दुडुदुडु जाऊन वस्तू उचलून द्यायची, कपाटाचं दार उघडायची. कुणी सांगितलं नाही, शाबासकी नाही. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं की मदतीबद्दल खेळणं द्यायला लागलं तर पोरं पुढच्या वेळी कमीच मदत करतात. स्टिकर देऊन चांगुलपणा शिकवणाऱ्यांनी विचार करावा अशी गोष्ट आहे ही, पण तो विषय वेगळा.

आता आधार देण्याकडे येतो, कारण पोटात तुटणं आणि आधार देणं यात बरंच अंतर आहे. हे अंतर कुणी कसं कापलं यातली मला सगळ्यात आवडणारी हकिकत चॅड वाराची. हा इंग्लंडमधला पाद्री. १९३५ साली नवीनच असताना त्याच्यावर एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करायची वेळ आली. तिला पाळी आली होती, तिला वाटलं हा काहीतरी घाणेरडा रोग आहे, विचारायला कुणी नव्हतं, तिने जीव दिला. हे त्याच्या डोक्यातून गेलं नाही. अठरा वर्षांनी, २ नोव्हेंबर १९५३ ला, लंडनमधल्या आपल्या चर्चमध्ये त्याने एक फोन ठेवला आणि जाहीर केलं की जीव द्यावासा वाटत असेल त्याने आधी इथे फोन करावा. तेव्हा तिथे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, १९६१ पर्यंत होता, म्हणजे बोलायचं तर कुणाकडे? एका पेपरने यांना टेलिफोनवरचे शोमरोनी म्हटलं आणि मग 'समॅरिटन्स' हेच नाव पडलं.

फोन यायला लागले, माणसंही यायला लागली. वारा एकटा आणि बाहेर रांग. म्हणून मदतीला काही साधी माणसं आली, काही शिकलेली डॉक्टर वगैरे नव्हेत, त्यांचं काम काय तर वाट बघणाऱ्यांना चहा कॉफी द्यायची आणि सोबत बसायचं. आणि थोड्याच दिवसांत वाराच्या लक्षात आलं की बाहेर बसलेले बरेच जण चहाचा कप घेऊन त्या माणसांशीच बोलतात, मोकळे होतात, आणि त्याला न भेटताच घरी जातात. दुसरा कुणी असता तर त्याने अजून तज्ज्ञ नेमले असते. याने फेब्रुवारी १९५४ मध्ये ऐकायचं काम त्या चहावाल्या माणसांच्याच हातात देऊन टाकलं. सल्ला द्यायचा नाही, उपदेश तर नाहीच, ऐकायचं. त्याच सुमाराला अमेरिकेत कार्ल रॉजर्स हा मानसशास्त्रज्ञ थेरपीबद्दल जे सांगत होता तेही याच्या जवळचंच, १९५७ च्या त्याच्या लेखात एम्पथीची व्याख्या आहे की समोरच्याचं जग जणू आपलंच असल्यासारखं जाणवायचं, पण तो 'जणू' कधी सोडायचा नाही.

तो 'जणू' किती महत्त्वाचा ते नंतर मेंदूच्या फोटोंमध्येही दिसलं. टानिया सिंगरने २००४ मध्ये सोळा जोडपी घेतली, त्यातल्या बाईला स्कॅनरमध्ये ठेवून कधी तिच्या आणि कधी शेजारी बसलेल्या जोडीदाराच्या हाताला दुखेल असा छोटा झटका दिला, तर जोडीदाराला बसला तरी बाईच्या मेंदूतला दुखण्याच्या त्रासाशी जोडलेला भाग जागा होत होता. पण तिच्याच टीमने पुढे २०१४ मध्ये दाखवलं की नुसतं दुसऱ्याचं दुःख आपलं करून घ्यायचा सराव केला तर माणूस खचतो, आणि त्याच्या भल्याची मनापासून इच्छा करायचा सराव केला की सावरतो. पेशंटचं करून करून स्वतःच कोसळलेली माणसं आपण सगळ्यांनी बघितलीयत. त्यांची माया कमी नव्हती.

आणि घाई नाही, गर्दी नाही, तरी आपण अडतो ते संकोचापायी. जपानमध्ये मार्च १९६३ मध्ये टोकियो विद्यापीठाचे अध्यक्ष सेइजी काया यांनी पदवी घेणाऱ्या मुलांना सांगितलं की छोटासा चांगुलपणा करा, पण धैर्याने करा, आणि त्यावरून तिथे चळवळच उभी राहिली. धैर्य हा शब्द मला आधी जास्तच वाटला होता. कुणाला उठून जागा द्यायला कसलं धैर्य? मग २०२२ चा पेगी लिऊ आणि तिच्या सहकाऱ्यांचा रिसर्च वाचला की बऱ्याच दिवसांत न बोललेल्या माणसाला सहज "कसा आहेस" म्हणून मेसेज केला तर त्याला किती बरं वाटेल याचा आपला अंदाज दरवेळी कमीच निघतो, आणि समोरच्याला तो जितका अनपेक्षित तितकं बरं वाटणं जास्त.

ओळखीतल्या एकीची आई गेली त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. मी मेसेज टाइप करायचो, खोडायचो, परत टाइप करायचो, आता इतक्या उशिरा काय लिहायचं, तिला वाटेल आत्ता आठवण आली का, असं करत दिवस जात होते. शेवटी एका रात्री लिहिलं की आज तुझी आठवण आली, उत्तर नाही दिलंस तरी चालेल, आणि फोन उलटा ठेवला. सकाळी बघतो तर अकरा मिनिटांची व्हॉइस नोट. त्यातली बरीचशी आईच्या चष्म्याबद्दल होती, तो कुठे ठेवायचा हे तिला अजून ठरवता येत नव्हतं.