इजेक्टरला उगाच बदनाम करू नका

छोट्या पिस्तुलात झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी अडकली की आजूबाजूचं कुणीतरी लगेच निदान करून मोकळं होतं, "भाऊ, इजेक्टर गेलाय. बदलून टाका." नाशिकच्या रेंजवर, बंदुकीच्या दुकानात, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर, सगळीकडे हेच. निम्म्या लोकांच्या डोक्यात एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा) आणि इजेक्टर (ती बाहेर उडवणारा) हा एकच पार्ट असतो. उरलेल्यांना पार्ट दोन आहेत हे माहीत असतं, पण दोष कुणाचा हे नेमकं उलटं माहीत असतं.

बारा बोअर वापरणाऱ्यांना मूळ फरक सांगायला नको. निफाड-दिंडोरीकडे पीकसंरक्षणासाठी घरात दुनळी असलेल्यांना तो हातानंच कळलेला असतो. एक्स्ट्रॅक्टरवाली बंदूक उघडली की कार्ट्रिज जरा वर उचलून देते, बाकी बोटांनी ओढा. इजेक्टरवाली झाडलेली कार्ट्रिज स्वतःच मागे भिरकावते. झालं.

घोळ होतो तो रिव्हॉल्व्हरवरून पिस्तुलाकडे आलेल्यांचा. कानपूरची पॉइंट बत्तीस रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडली की चांदणी, म्हणजे पुंगळ्यांच्या कडा उचलणारी चकती, वर येते आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर. ओढणं आणि टाकणं ही दोन्ही कामं तिथे एकच चांदणी करते, तीही आपल्या हाताच्या जोरावर. मग पिस्तुलातही काहीतरी एकच असेल असं माणूस धरून चालतो. (जाता जाता: रिव्हॉल्व्हरची पॉइंट बत्तीस आणि पिस्तुलाची पॉइंट बत्तीस ही काडतुसं वेगळी. एकाचं दुसऱ्यात चालत नाही.) सिंगल अ‍ॅक्शनबद्दलही फार बोलायला नको: चाप फक्त घोडा सोडतो, घोडा मागे न्यायचं काम स्लाइडचं (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) किंवा तुमच्या अंगठ्याचं.

आता पिस्तूल. अमेरिकी सैन्यानं १९११ साली स्वीकारलेलं ब्राउनिंगचं डिझाइन, म्हणजे '१९११' पिस्तूल, घेऊ, कारण आजची बरीचशी छोटी सिंगल अ‍ॅक्शन पिस्तुलं त्याच घराण्यातली. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे स्लाइडच्या उजव्या अंगाला बोगद्यात बसवलेली स्प्रिंग-पोलादाची लांब पट्टी, पुढच्या टोकाला आकडा. हा आकडा पुंगळीच्या बुडाची कड पकडून तिला स्लाइडबरोबर मागे आणतो. इजेक्टर फ्रेमवर, म्हणजे हातात धरायच्या खालच्या सांगाड्यावर, डाव्या बाजूला. तो हलत नाही, नुसता उभा असतो. मागे येणाऱ्या पुंगळीचं बूड डावीकडून त्याच्यावर आपटतं, उजवीकडे आकड्यानं धरलेलं असतं, त्यामुळे ती आकड्याभोवती गरकन फिरते आणि स्लाइडच्या खिडकीतून उजवीकडे उडते.

म्हणजे उडवण्याच्या कामातही अर्धा वाटा एक्स्ट्रॅक्टरचाच. लोकांचं घोडं अडतं ते इथेच.

पुंगळी चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाला, काडतूस बसतं तिथे) राहिली आणि पुढचं काडतूस मागून येऊन तिच्यावर आदळलं, तर ते ओढण्याचं अपयश. आकडा निसटलाय, कड फाटलीय किंवा चेंबर घाण आहे. पुंगळी निघाली, पण खिडकीत उभी चिमटली, ज्याला सगळे स्टोव्हपाइप म्हणतात, तर ते उडवण्याचं अपयश. इथपर्यंत मंडळी बरोबर येतात. पण उडवण्याचं अपयश म्हणजे इजेक्टर खराब, ही पुढची उडी चुकीची. आकड्याची पकड सैल असेल तर पुंगळी इजेक्टरपर्यंत पोचण्याआधीच खाली घसरते, किंवा पोचते पण वाकडी. मग आपटते कशीही आणि उडते कुठेही. इजेक्टर जागच्या जागी ठणठणीत. त्याच्यात ना स्प्रिंग, ना हालचाल. बिघडायला आहे काय? तो तुटला किंवा सैल झाला तर होतं, पण ते बोटानं हलवून लगेच कळतं.

म्हणून आधी पुंगळ्या वाचा. मी बूड वर करून उजेडात धरतो. कडेवर एका बाजूला आकड्याची बारीक चमकती खूण दिसते, जवळपास समोर इजेक्टरचा छोटा ठसा. ठसा दर वेळी साधारण त्याच जागी असेल आणि पुंगळ्या जमिनीवर एका भागातच पडत असतील, तर जोडी नीट काम करतेय. ठसा दर वेळी वेगळीकडे, एक पुंगळी पुढे, एक डोक्यावरून मागे, असं असेल तर आकड्याचा ताण तपासून घ्या. स्लाइड काढून आकड्याखाली डमी काडतूस सरकवा, जिवंत नव्हे, आणि हलकेच हलवा. लगेच गळून पडलं तर ताण कमी. ताण वाढवणं, आकडा घासणं हे काम परवानाधारक आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचं. घरच्या कानशीनं घासलेल्या आकड्यांनी मला पुरतं वैतागून सोडलंय.

दुसरा संशयित म्हणजे स्लाइडचा वेग, आणि छोट्या पिस्तुलांत तो जास्त नडतो. पाच इंची नळीच्या १९११ ला रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेली स्लाइड पुढे आणणारी) साधारण १६ पौंडांची. कोल्टनं १९८५ मध्ये त्याचंच साडेतीन इंची छोटं रूप, ऑफिसर्स, आणलं. या मापात स्प्रिंग २० पौंडांच्या आसपास किंवा पुढे जाते, स्लाइड हलकी होते आणि तिला मागे जायला जागा कमी उरते. चुकीला वाव राहत नाही. त्यात काडतुसं जुनी, पावसाळ्यात दमट कपाटात पडलेली असली की जोर कमी, स्लाइड अर्ध्यातून परत, पुंगळी खिडकीत. मनगट ढिलं सोडलं तरी हेच होतं: फ्रेम स्लाइडबरोबर मागे जाते, आणि इजेक्टर फ्रेमवरच असल्यामुळे आपटण्याचा जोरच मरतो. "भरवसा वाढावा" म्हणून आणखी कडक स्प्रिंग घालणारे तर स्वतःच्या हातानं स्टोव्हपाइप विकत घेतात. कंपनीनं दिलेल्या वजनाचीच स्प्रिंग घाला, आणि छोट्या पिस्तुलात ती मोठ्यापेक्षा बरीच लवकर बदला.

तेलाचं एकदाच सांगतो. खोबरेल नको. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, आणि निफाडचा पारा हिवाळ्यात कुठे जातो हे तुम्हाला माहीत आहे. थिजलेलं तेल आणि काजळी यांचा चिखल एक्स्ट्रॅक्टरच्या बोगद्यात बसला की आकडा मिटतच नाही. बोगदा कोरडा पुसा, गन ऑइलचा थेंब स्लाइडच्या खोबणीत. निवडणुकीत हत्यार जमा करायच्या आधी मात्र हात सैल सोडून तेल लावा, आणि चामडी होल्स्टरमध्ये घालून देऊ नका. चामडं ओल धरतं.

राहिली पॉइंट बत्तीसची साधी ब्लोबॅक पिस्तुलं. यांच्यात गोळी सुटली की गॅसचा दाब पुंगळीला स्वतःच मागे ढकलतो. त्यामुळे आकडा तुटला तरी पिस्तूल बऱ्याचदा चालत राहतं आणि मालकाला पत्ता नसतो. पण जिवंत काडतूस रिकामं करताना गॅस कुठून येणार? मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, काही पडलं नाही, म्हणून पिस्तूल रिकामं समजलं, आणि काडतूस चेंबरमध्ये तसंच. स्लाइड मागे धरून डोळ्यांनी बघा, करंगळीनं चाचपा. आत राहिलेलं सापडलं तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून आर्मररला बोलवा. पुढून सळई घालून ते ढकलणारे महाभागही आहेत, आणि तेव्हा त्यांचा हात नळीच्या तोंडासमोर असतो.